कपाटाला चिकटवलेला तक्ता

१४ जुलै २०२५, सोमवार

आज मला एका पिवळ्या तोंडाविरुद्ध तक्रार नोंदवायची आहे.

दवाखान्याने दिलेल्या तक्त्यावर अशी सहा तोंडं छापली आहेत. शून्यापाशी हसरं, दहापाशी रडकं, मधली उमेदवारी करणारी. त्यातलं सहाच्या आकड्याजवळचं तोंड थेट आमच्या जुन्या मुख्याध्यापकांचं आहे. ना हसू, ना रडू, नुकतंच परिपत्रक वाचल्यासारखं. रोज संध्याकाळी पेशंटला विचारायचं, ‘आज दहापैकी किती?’ आणि आकडा लिहायचा. आकडा सुचला नाही तर तोंडाकडे बोट दाखवायचं. शास्त्रांनी दुःखाचे तीन प्रकार केले, तथागतांनी तर दुःखापासूनच सुरुवात केली, पण दहापैकी किती, असं कुणी विचारलं नव्हतं. ते काम बदलापुरात व्हायचं होतं.

पेशंट म्हणजे संध्या. माझी बायको. सव्वीस वर्षं उल्हासनगर कॅम्प तीनला जीन्सच्या कारखान्यात मशीनवर बसली, पट्ट्याच्या लूप शिवल्या. एप्रिलपासून कंबरेतून उजव्या पायात कळ जाते. एमआरआयच्या फोटोत मणक्यांमधली गादी सरकून नसेवर टेकलेली दिसते. उल्हासनगरच्या सर्जननी ऑपरेशन सुचवलं. संध्याला ऑपरेशनची फार भीती वाटते, म्हणून मी चौकशी करून अंबरनाथच्या डॉक्टर अक्षदा यांच्याकडे नेलं. त्या बिनऑपरेशनचा उपाय करतात. शनिवारी तिच्याच दंडातलं रक्त काढलं, यंत्रात गरगर फिरवलं, वर पिवळसर पाणी आलं, ते पडद्यावर बघत बघत सुईने त्या नसेजवळ सोडलं. शरीराने स्वतःची डागडुजी स्वतः करायची. मला हे फार आवडलं. बाहेरचं काही नाही, कापणं नाही, आपलंच आपल्याला.

डॉक्टर पोरीच्या वयाची, पण बोलते सरळ. ‘सर, गुडघ्याला याचा अनुभव चांगला आहे. कण्याच्या बाबतीत मी खात्री देत नाही. काहींना फरक पडतो, काहींना नाही. दीड महिन्याने बघू. तोवर आकडा लिहा आणि कागद मागून-पुढून वाचा.’ पायाबद्दलही काहीतरी सांगत होती. माझं लक्ष त्या फिरणाऱ्या यंत्राकडे होतं.

तक्ता पंख्याच्या वाऱ्याने सारखा उडत होता. डिंक लावून लोखंडी कपाटाच्या दारावर चिकटवून टाकला. नुसत्या कडा नाही, पूर्ण पाठीला डिंक. आता भूकंपातही निघणार नाही. तक्त्यात चौकोन बोटभर, त्यात आकडाच मावतो. बाकीचं इथे लिहीन.

आजचा आकडा: आठ.


१५ जुलै

आठ. काल आठ म्हणताना तिने कपाळाला आठी घातली होती, आज नाही. तक्त्यात आठीसाठी जागा नाही.


२० जुलै, रविवार

सात!

वर्षावास सुरू आहे. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन, वाचक मी. वस्तीत संस्कृत शिकलेला मी एकटा, त्याचं प्रायश्चित्त म्हणून पस्तीस वर्षं मोठ्याने वाचतो आहे. मॅट्रिकला संस्कृत घेतलं तेव्हा शेजारीपाजारी हसले होते. आमचे बाबा, भीमराव, शहाडच्या कारखान्यात कामाला होते. ते म्हणाले, ‘घे. कुलूप कुणी नि कसं लावलं ते आत जाऊन बघून ये.’ बघून आलो. पुढे त्यावर शाळेत नोकरी केली, आता स्वेच्छानिवृत्ती घेऊन साप्ताहिकाला बदलापूर-अंबरनाथच्या बातम्या पुरवतो. खड्डे, पाणीपुरवठा, सत्कार. विभक्ती चालवण्यापेक्षा सोपं आहे.

संध्या आज पहिल्यांदा विहारात खुर्चीवर बसली. सतरंजीवर बसलेल्या बायकांच्या वर बसावं लागलं याचं तिला ओशाळं वाटत होतं. ‘वंदनेला गुडघे टेकता येत नाहीत, असं वाटतं सगळ्यांना मी पाहुणी आलेय,’ म्हणाली.

रात्री आकडा विचारल्यावर म्हणते, ‘सात. पण अंगठ्याला मुंग्या येतात हो.’

‘मुंग्यांचा रकाना नाही,’ मी म्हटलं. ‘तक्रार वेगळ्या अर्जाने करावी. तीन प्रतींत.’

हसली. मग म्हणाली, ‘बरं. सात लिहा.’


२ ऑगस्ट, शनिवार

सहा. म्हणजे मुख्याध्यापक.

दुपारी भूपेशसेठचा फोन. कारखान्याचे मालक, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी आणि रागावले की पूर्ण सिंधी. फोन स्पीकरवर होता.

‘दीदी, तुमची मशीन वैसीच आहे हां. मी कव्हर टाकून ठेवली. दोन छोकऱ्या मागत होत्या. मी बोला, ये दीदीचं आहे, हात नाय लावायचा.’

‘सेठ, दुसरी बसवा ना कोणी. तुमचं काम अडेल.’

‘अरे साईं, लूप सगळेच मारतात. तुमच्यासारखी सीधी लाइन कोण मारतो? दिवाळीचा माल सप्टेंबरमध्ये निकलतो. तोपर्यंत या.’

तिने फोन ठेवला. मग पलंगाच्या कडेला बसून उजव्या पायाखाली स्वयंपाकघरातला पाट ओढला आणि त्यावर पाऊल दाबायला लागली. दाब, सोड. दाब, सोड.

‘हे काय?’

‘पॅडल विसरायला नको.’

मी म्हटलं, मनुष्य सायकल आणि पोहणं विसरत नाही, तसंच हे. ती पुन्हा दाबत होती. दाबणं झटकन व्हायचं. सोडताना पाऊल पाटावरच जरा रेंगाळायचं. आळशी विद्यार्थ्यासारखं, असं मी म्हटलं. ती पायाकडे बघत होती, माझ्याकडे नाही.


९ ऑगस्ट, शनिवार, पौर्णिमा

पाच.

आज एक गंमत झाली. पांढरी साडी नेसून विहारात आली, खीर वाटली, सगळ्यांना जय भीम करून निघालो. फाटकापाशी आल्यावर मी बघतो तर डाव्या पायात चप्पल, उजवा अनवाणी! परत गेलो तर चप्पल पायऱ्यांपाशी. चाळीस पावलं ही बाई एका चपलेत चालली आणि तिला पत्ता नाही.

‘लक्ष कुठे असतं तुझं?’

‘कळलंच नाही हो निसटलेली.’

मी म्हटलं, भिक्खूसंघात जायची तयारी दिसते, एकेका वस्तूचा त्याग चालू आहे. वाटभर हसलो. तीही हसली. नंतर तिने माझा दंड धरला. लग्नाच्या एकतिसाव्या वर्षी रस्त्यात दंड धरते म्हणजे प्रकृती सुधारतेच आहे. इतकं काही माझं बोलणं विनोदी नव्हतं.


१२ ऑगस्ट, मंगळवार

चार. चार!

रखमाबाई आल्या होत्या. बारवीकडच्या पाड्यावरून मंगळवारी-शुक्रवारी येतात, टोपलीत रानातलं जे असेल ते. आज करटोली. संध्या दार उघडायला गेली आणि उंबऱ्याला ठेचकाळली. रखमाबाईंनी टोपली खाली ठेवून तिच्या चालण्याकडे बघितलं. भाजीचं वजन करायचं सोडून बघत राहिल्या.

‘मास्तर, बायचा पाय वढतंय.’

‘दुखणं कमी झालंय तिचं रखमाबाई. आठाचं चारावर आलंय.’

‘आठ-चार मला नाय कळं. पाय घासतंय. आमची काळी गाय आशीच चालाची. मंग एक दिस बसली ती उठलीच नाय.’

संध्या म्हणाली, ‘घ्या! मला गाय केलंत होय!’

‘गाय काय वंगाळ हाय गं बाय? दूध देते, बोलत नाय.’

दोघी हसल्या. मला जरा राग आला, तो इथे लिहून मोकळा होतो. एका बाजूला रक्त फिरवणारं यंत्र, पडद्यावर बघून दिलेली सुई, रोजचा लेखी पुरावा. दुसऱ्या बाजूला एक गाय. पूर्वपक्ष मांडावा तर निदान तोलामोलाचा असावा.


१७ ऑगस्ट, रविवार

साप्ताहिकात लेख आला. ‘स्वतःचं रक्त, स्वतःचं औषध.’ पाऊण पान. शेवटी स्थालीपुलाकन्याय घातला आहे: भाताचं एक शीत चेपून बघावं, सगळी पातेली शिजली की नाही ते कळतं. आमचं शीत म्हणजे रोजचा आकडा. सकाळपासून सात फोन. कुणाची आई, कुणाचे सासरे. वांगणीहून एक जण दवाखान्याचा पत्ता लिहून घेत होता तेव्हा संध्या चहा घेऊन आली. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, ‘बघ, तुझ्या कंबरेमुळे मी प्रसिद्ध झालो.’

‘चांगलं लिहिलंय,’ म्हणाली. ‘आता मला बरं व्हावंच लागेल.’

तीन.


२३ ऑगस्ट, शनिवार

दोन.

आज दीड महिना झाला, दाखवायला जायचं होतं. दवाखान्यात फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, ‘डॉक्टर आहेत बारापर्यंत, या ना.’ पण बाराला अंबरनाथला एका माजी नगरसेवकाचा सत्कार, छायाचित्रासह बातमी हवी. मी म्हटलं, आकडा दोनवर आला आहे, घाई नाही. ‘अरे वा,’ मुलगी म्हणाली. ‘दुसरं काही आहे का पेशंटला?’

‘काही नाही,’ मी म्हटलं.

१० सप्टेंबर ही तारीख दिली.

संध्याकाळी एक झालं. चहा गाळताना उकळतं पाणी तिच्या उजव्या पावलावर सांडलं. बघतो तर फोड आलेला. ती कपबशा पुसत उभी. मी ओरडलो तेव्हा तिने खाली पाहिलं. ‘अगं बाई,’ एवढंच म्हणाली, दुसऱ्या कुणाचा पाय असल्यासारखं. मी मलम लावलं. लावताना चेपून विचारलं, दुखतंय? नाही म्हणाली.

एक शंका मनात येऊन गेली. ती नीट काय होती ते आता लिहायला बसल्यावर सांगता येत नाही. भाजलं आणि दुखलं नाही, हे चांगलं की वाईट? मग वाटलं, एप्रिलपासून एवढ्या कळा सोसलेल्या माणसाला फोडाचं काय. शिवाय आकडा दोन आहे.

(आईला पित्ताशयाच्या ऑपरेशनला नेलं तेव्हा ती चालत गेली होती. पिशवीत स्वतःचा टॉवेल घेऊन. परत आला तो फक्त टॉवेल. इथे हे का लिहितोय, कळत नाही.)


३ सप्टेंबर, बुधवार

शून्य.

मी दोनदा विचारलं. ‘बसलीस तरी? वाकलीस तरी?’ ‘कळ नाहीच,’ म्हणाली. मी हसऱ्या तोंडाखाली लाल पेनने मोठं शून्य काढलं. भारतीयांनी जगाला शून्य दिलं म्हणतात, आमच्या घरी ते आज पोहोचलं. बाजारातून गजरा आणि पावशेर जिलबी आणली. तिने जिलबी खाताना विचारलं,

‘अहो, शून्य म्हणजे दुखत नाही असंच ना?’

‘दुसरं काय असणार?’

‘नाही, म्हणजे... घोट्याखाली काहीच वाटत नाही म्हणून विचारलं. पायमोजा घातल्यासारखं.’

‘नस शांत झाली की असंच वाटत असणार. डॉक्टरना पुढच्या बुधवारी विचारू.’

‘बरं,’ म्हणाली.

इतक्या महिन्यांनी मी आज घरात मोठ्याने हसत होतो. ती माझ्याकडेच बघत होती.


८ सप्टेंबर, सोमवार

कॅम्प तीन.

तिचा हट्ट होता की बुधवारी डॉक्टरांकडे जायच्या आधी मशीनवर बसून बघायचं. ‘डॉक्टर विचारतील, काम जमतं का. सांगायला हवं ना.’ स्टेशनपासून शेअर रिक्षाने गेलो. रिक्षातून उतरताना पुन्हा चप्पल राहिली, मी उचलून दिली. या खेपेला मी विनोद केला नाही, का ते ठाऊक नाही.

गल्लीत जीन्सचे ढीग, निळा धूळभरला वास. बायका उठून आल्या. कुणी गळ्यात पडलं, कुणी म्हणालं, ‘संध्याताई, बारीक झालात.’ भूपेशसेठनी स्वतः मशीनचं कव्हर काढलं, फडक्याने टेबल पुसलं. ‘बसा, दीदी. ये तुमचं सिंहासन.’

ती बसली. पट्टी घेतली, सुईखाली लावली, चष्मा नाकावर सरकवला. माझ्या बायकोला काम करताना मी फार थोड्या वेळा पाहिलंय. तिचा चेहरा वेगळाच झाला. शाळेत एखादा मुलगा उत्तर येत असताना हात वर करतो, तसा. तिने पॅडल दाबलं. मशीन सुरू झालं. एक लूप, सरळ. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मशीन थांबलं नाही.

तिने पाऊल उचललं असं तिला वाटलं असावं, कारण तिने हात काढून घेतले. पण पाऊल पॅडलवरच होतं. कापड सरकत गेलं, टाका लूपवरून जीन्सच्या पायावर, तिथून कडेपर्यंत. कुणीतरी म्हणालं, ‘ताई, सोडा! सोडा!’ ती खाली बघत होती. पावलाकडे. उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरून तिने पाय वर ओढला, तेव्हा मशीन थांबलं. सुई तुटून कुठेतरी उडाली होती. एक मुलगी वाकून ती शोधायला लागली, कापडात सुई राहिली तर माल परत येतो.

भूपेशसेठनी काही विनोद केला नाही. त्यांनी कव्हर उचललं, मग पुन्हा खाली ठेवलं, घातलं नाही.

‘दीदी, पहिले डॉक्टर. आजच. मशीन कुठे नाही जात.’

परतताना रिक्षात तिने मला विचारलं, ‘मी सोडलं होतं ना? तुम्ही बघितलंत ना?’

मी म्हटलं, बघितलं.


त्याच दिवशी

बुधवारपर्यंत थांबलो नाही, तिथूनच अंबरनाथ. डॉक्टर अक्षदांनी तिला खोलीभर टाचांवर चालायला सांगितलं. डावा पंजा वर राहिला, उजवा फट् करून जमिनीवर आपटला. पुन्हा. फट्. टाचणीने पाऊल टोचत गेल्या: इथे कळतंय? इथे? संध्या डोळे मिटून म्हणत होती, ‘टोचलंत की सांगा.’ टोचून झालं होतं.

‘कधीपासून, सर?’

मी वही काढली. आठ, सात, सहा, पाच. शून्यापर्यंत वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळू म्हणाल्या, ‘दुखणं दोन कारणांनी कमी होतं, सर. नस बरी होते तेव्हा, आणि नस दबून दबून काम सोडते तेव्हाही. म्हणून तर मी मागची बाजू वाचा म्हणाले होते.’

मी म्हटलं, कोणती मागची बाजू?

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग संध्याकडे वळून बोलायला लागल्या. ‘मावशी, चूक माझीही आहे. दीड महिन्याला आला नाहीत तेव्हा मीच फोन करायला हवा होता.’ उल्हासनगरच्या सर्जनना माझ्यासमोर फोन लावला. उद्या दाखल, परवा ऑपरेशन.

संध्या म्हणाली, ‘करू या. मी घाबरत नाही.’

ती कधीच घाबरत नव्हती. हे वाक्य लिहायला मला दोन महिने लागले.

घरी आल्यावर ओलं फडकं घेऊन तक्ता सोडवायला बसलो. डिंक चांगला होता. पुढची तोंडं लगदा होऊन हातात आली, शून्य पुसलं, मागचा थर तुकड्या-तुकड्यांनी सुटला. फरशीवर जुळवून वाचलं. मराठीत होतं, मोठ्या अक्षरांत, कुणालाही कळेल असं.

‘खालीलपैकी काहीही झाल्यास, आकडा कितीही असो, त्याच दिवशी या. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा. पाऊल उचलायला जड जाणे, पाय घासणे, ठेचकाळणे. चप्पल पायातून निसटणे...’

पुढची ओळ कपाटाला राहिली.

पस्तीस वर्षं ग्रंथ वाचतो. मुलांना सांगत आलो, पोथीचं पान उलटल्याशिवाय पाठ संपला असं समजू नये.


१० सप्टेंबर, बुधवार

ऑपरेशन झालं. काल दाखल व्हायला ती पिशवीत स्वतःचा टॉवेल घेऊन निघाली तेव्हा मी तो काढून घेतला. ‘अहो, राहू दे की,’ म्हणाली. मी दिला नाही.

शुद्धीवर आहे. पाणी मागितलं.


१३ सप्टेंबर

सर्जन म्हणाले, दाब काढला आहे. नस किती जागी होईल, सांगता येत नाही. सहा महिने, वर्ष. पूर्ण येईलच असं नाही. महिनाभर आधी आला असता तर, असं सुरू करून त्यांनी वाक्य सोडून दिलं. मी ते पूर्ण केलं नाही. करता येत होतं.

लेखाच्या खुलाशासाठी संपादकांना फोन केला. म्हणाले, जाऊ द्या हो, लोक विसरले. मी म्हटलं, वांगणीचा एक माणूस विसरलेला नसणार. चार ओळी छापणार आहेत: उपाय चांगला असेल, नसेल, ते डॉक्टर सांगतील. लेखकाने आकडा पाहिला, पाय पाहिला नाही.


२ ऑक्टोबर, गुरुवार

आज अशोक विजयादशमी. विहारात गेलो नाही, घरीच वंदना घेतली. ती पलंगावर बसून, पायाला पंजा वर धरून ठेवणारी प्लास्टिकची पट्टी. मी गुडघे टेकले. तिच्या वाटचे तीन प्रणामही मीच केले. ‘असं चालतं का?’ तिने विचारलं. मी म्हटलं, शास्त्राधार शोधतो. ‘नका शोधू,’ म्हणाली.

दुपारी रखमाबाई आल्या, दसऱ्यामुळे एक दिवस आधीच. पट्टी बघितली, हात फिरवला. मला काही बोलल्या नाहीत. तेच लागलं. भेंडीबरोबर मूठभर चिंचेचा पाला जास्त टाकून गेल्या, गरम करून बांधायला. मी बांधला. शास्त्रार्थ केला नाही.

रात्री मी विचारलं, ‘तू मला सांगितलं का नाहीस?’

‘सांगितलं की. मुंग्यांचं सांगितलं. पायमोज्याचं सांगितलं.’

‘मग नेट का लावला नाहीस? ओरडायचंस माझ्यावर.’

ती पाट पायाखाली घेऊन बसली होती. पाऊल उचलायचा प्रयत्न करत होती, डॉक्टरांनी दिवसातून चार वेळा सांगितलंय.

‘आकडा उतरला की तुम्ही कसे व्हायचात ते तुम्हाला दिसत नव्हतं. मला दिसायचं. आई गेल्यापासून तुम्हाला एवढं खूश मी बघितलंच नव्हतं. म्हटलं, दुखत तर नाहीये. खोटं थोडंच बोलतेय मी.’


१२ ऑक्टोबर, रविवार

तीन महिने पूर्ण झाले. तक्ता असता तर आज शेवटचा चौकोन भरला असता. कपाटाच्या दारावर डिंकाचा चौकोनी डाग राहिला आहे, त्यावर धूळ बसते आणि तो रोज थोडा जास्त ठळक होतो. घासून बघितला, जात नाही.

काल भूपेशसेठ घरी येऊन गेले. सोबत मिठाई. खूप वेळ कॅम्पातल्या लोकांच्या गोष्टी सांगितल्या, संध्या हसून हसून दमली. निघताना जिन्यात मला म्हणाले, ‘मास्टरजी, बुरा नको मानू. दिवाळीचा माल अजून निकलतोय. मशीनवर मी एक लडकी बसवली.’ मी म्हटलं, बरोबर केलंत. ‘दीदीला बोलू नका,’ म्हणाले. वर आलो तर ती म्हणाली, ‘बसवली ना कुणीतरी? बरं झालं. मशीन बंद ठेवलं की जाम होतं.’

आज सकाळी पाटावर बसली असताना म्हणाली, ‘अहो, बघा, अंगठा हलला.’ मी फरशीवर बसून बघितलं. चष्मा लावून बघितलं. ‘हलला की नाही?’ मी म्हटलं, हलला. ती म्हणाली, ‘मलाही तसंच वाटलं.’ आणि पुन्हा प्रयत्न करायला लागली.

मला तो हलताना दिसला नव्हता.

या वहीत बरंच शहाणपण लिहिलं आहे, आज ते नको. पाय परत येणार नाही, याची मला भीती वाटते, पण ती भीती निदान दोघांची आहे. माझी एकट्याची काळजी निराळी आहे. तो आला नाही, तर ती मला ते सांगणार नाही. मी रोज विचारीन, ती रोज माझ्या तोंडाकडे बघेल आणि मला आवडेल ते सांगेल. मीही तिला तेच सांगायला लागलो आहे, आज सकाळपासून.